शुक्रवारचा सूर

“सूर दे रे शांतू,” डाकेकाका म्हणाले आणि मागं वळून म्हशीवर ओरडले, “आन् तू गप बस गं जरा!”

म्हैस गप बसली नाही. सकाळीच कुणाच्या तरी उसात शिरली म्हणून तिला कोंडवाड्यात आणलं होतं आणि तिचा मालक अजून सोडवायला आला नव्हता. तिचं रेकणं थांबेपर्यंत मी वाट बघितली. मग मांडीवरच्या गिटारची सहावी तार छेडली, म्हणजे सगळ्यांत जाड. बाकी तिघांनी आपापली सहावी तार तिला मिळवली. मग पाचवी, मग चौथी, अशा सहाही तारा. आमचा रिवाजच तसा होता. आधी मी माझी गिटार लावायची आणि मग सगळ्यांनी एकेक तार माझ्या तारेला मिळवायची. कुणी ठरवून दिलेलं नव्हतं, पण पाच वर्षांत त्यात कधी बदल झाला नव्हता.

“लागली,” प्रमिला म्हणाली. तिची पहिली तार मात्र लावता लावता तटकन तुटली. सहा महिन्यांतली ही तिसरी.

“तारा बोगस यायला लागल्यात हल्ली,” मी म्हणालो. “माझ्याबी बघा की. वरच्या सुराच्या, बारीक दोन तर नुसत्या ठकठक करतात. गेल्या महिन्यात दोनदा बदलल्या.”

“व्हय,” मुजावरभाई खाली बघत म्हणाले, “बोगसच हैत.”

ही गोष्ट एकोणनव्वद सालातली, इचलकरंजीतली. आमच्या भागातल्या मागांची वीज त्या काळात शुक्रवारी बंद असायची. आठवड्याचे सहा दिवस गाव खटखटत असायचं. दोन माणसांना रस्त्यात बोलायचं झालं तरी एकमेकांच्या कानाशी तोंड न्यावं लागे. शुक्रवारी संध्याकाळी मात्र चिमणीचा आवाजही ऐकू यायचा. आणि गिटार हे काही ढोल-ताशासारखं वाद्य नव्हे, त्याला शांतता लागते. म्हणून आम्ही चौघं शुक्रवारी साडेपाचला कोंडवाड्याच्या पडवीत जमायचो.

कोंडवाडा ही डाकेकाकांची कृपा. ते नगरपालिकेचे तिथले कारकून. मोकाट जनावर कुठं सापडलं, रंग काय, शिंगं कशी, हे वहीत लिहायचं, हे त्यांचं काम. तरुणपणी कोल्हापूरच्या एका ऑर्केस्ट्रात ते गिटार वाजवायचे. ऑर्केस्ट्रा मोडला, लग्न झालं, आणि नोकरी लागली ती ही. मुजावरभाई जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर. सकाळी बैलाच्या तोंडात नळकांड्यानं औषध ओतणारी त्यांची जाडजूड बोटं संध्याकाळी तारांवर अशी हलकी पडायची की बघत राहावं. हाताला फिनेलचा वास मात्र कायम. “दोघंबी जनावरांचेच,” काका म्हणायचे, “मी कोंडतो, ह्यो टोचतो.”

प्रमिला समुद्रे टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होती. दिवसभर कानाला हेडफोन लावून “नंबर प्लीज” म्हणायचं आणि लोकांचे ट्रंककॉल जोडून द्यायचे. गिटार ती मिरजेच्या चर्चमध्ये शिकली होती. इथं मावशीकडे राहायची. डाकेंना ती काका म्हणे, मुजावरांना भाई म्हणे. मला काका म्हणण्याइतका मी म्हातारा नव्हतो आणि नावापुढं ‘भाऊ’ तिनं कधी जोडलं नाही. मला ती नुसतं “शांतिनाथ” म्हणायची. अख्ख्या इचलकरंजीत माझं नाव पूर्ण घेणारी ती एकटीच. घरचे, मालक, कामगार, सगळ्यांना मी शांतू. मीही तिला कधी ताई म्हटलं नाही. समुद्रेबाई म्हणायचो आणि ‘बाई’ हळूच गिळायचो.

मी जॉबर. म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारा. आणि माझ्या कानाची गावात ख्याती होती. फुशारकी मारत नाही, पण अठ्ठेचाळीस माग चालू असताना मी नुसता दारात उभा राहून सांगायचो, “तिसऱ्या ओळीतला पाचवा माग बंद करा, धोटा नीट बसंना त्याचा.” धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळणारा लाकडाचा तुकडा. उघडून बघितलं की माझं म्हणणं खरं निघायचं. मालक पाहुण्यांना मुद्दाम दाखवायला आणायचे. म्हणूनच कोंडवाड्यात सूर माझा. दुसरं माझ्याजवळ होतं तरी काय? दहावी नापास, वय अठ्ठावीस, आणि घरी आई म्हणायची, “टिंगटिंग करून पोट भरतंय व्हय?” आठवड्यातून एकदा तीन शहाणी माणसं माझ्याकडे बघून आपल्या तारा लावतात, त्यातही प्रमिला मान तिरकी करून माझ्या तारेला कान देते, एवढ्या भांडवलावर मी बाकीचे सहा दिवस काढायचो.

ती मला आवडायची, हे उघडच सांगतो. आवडायची म्हणजे शुक्रवार उजाडला की मी सकाळी दोनदा दाढी करायचो. तेही आमच्या आईनं बघितलं होतं आणि ती काही बोलली नव्हती, म्हणजे तिला सगळं कळलं होतं. आमच्या घरी कांदा-लसूण चालत नव्हतं. प्रमिलाच्या घरी काय काय चालायचं ते सांगायला नको. पण ती अडचण पुढची. आधी विचारायला तर हवं. दर शुक्रवारी मी विचारायचं ठरवायचो आणि दर शुक्रवारी गिटार खोळीत घालून घरी यायचो.

त्या संध्याकाळी प्रमिलानं नवी तार चढवली आणि वाजवायला सुरुवात करणार, तेवढ्यात डाकेकाकांनी घसा खाकरला.

“एक सांगायचं हाय. सव्वीस जानेवारीला शाळेच्या हॉलमध्ये कामगारांचा कार्यक्रम हाय. आपल्याला बोलावलंय.”

“आपल्याला?” मी ओरडलोच. पाच वर्षांत आमचं वाजवणं माणसांनी असं ऐकलंच नव्हतं. म्हशीपुढं वाचली गीता, असाच सगळा प्रकार.

“व्हय. चार गाणी. शाळेचे संगीत मास्तर पेटीवर साथ देणार आन् त्यांची मुलगी गाणार. पुढच्या शुक्रवारी मास्तर पेटी घेऊन हितंच येत्यात.”

मला वाटलं, आता हे दोघं उड्या मारतील. पण मुजावरभाई गिटारवरची धूळ पुसायला लागले आणि प्रमिला काकांकडे बघत राहिली. काका म्हशीकडे बघत होते.

“काय झालं?” मी म्हणालो. “भ्यालासा काय? अहो, सूर माझ्याकडं लागला. पेटीलाबी देतो सूर, काय समजलं?”

कुणी हसलं नाही. पेटीचा सूर पेटीतच कोंडलेला असतो, तो कुणाला वळवता येत नाही, हे मला काय माहीत नव्हतं? पण माणूस खुशीत असला की असं काहीबाही बोलून जातो. मी त्या दिवशी घरी गेलो तो तरंगतच.

बुधवारी दुपारी मी कारखान्यात एका मागाखाली आडवा होऊन पाना फिरवत होतो. कुणीतरी पायाला हात लावला. धाग्याच्या कांड्या भरणारी, कांडीवाली मावशी होती. तिनं दाराकडे बोट दाखवलं आणि भुवया अशा काही उडवल्या की मी घाईघाईनं बाहेर सरकलो.

दारात प्रमिला उभी होती. पर्स पोटाशी धरलेली, एका बाजूचे केस हेडफोननं दबलेले. ड्युटी संपवून थेट आली असणार. ती कधी कारखान्यात आली नव्हती. अठ्ठेचाळीस माग एकदम चालतात तिथं नवखा माणूस पहिल्यांदा दोन्ही कान झाकतो. तिनं झाकले नाहीत. माझे हात ऑइलनं काळे होते. ते कुठं लपवावेत मला कळेना.

मी बाहेर चला अशी खूण केली. तिनं ‘नको’ म्हणून मान हलवली आणि जवळ येऊन माझ्यासमोर उभी राहिली, अगदी समोर.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. मागाच्या कारखान्यात बोलणं ऐकायचं नसतं, बघायचं असतं. चार-पाच वर्षं काढलेल्या माणसाला ओठ वाचता येतात. वीस पावलांवरून मावशी आपल्या नवऱ्याला काय शिव्या घालते ते मला शब्दाला शब्द कळायचं आणि मी हसायला लागलो की ती मलाही घालायची. आम्हाला त्यात काही विशेष वाटत नाही. पण बाहेरच्या माणसाला ते ठाऊक नसतं. त्याला वाटतं, एवढ्या गोंगाटात आपला आवाज आपल्यालाच ऐकू येत नाही, तर समोरच्याला काय कळणार.

प्रमिला ओरडत नव्हती. पडवीत बोलायची तशीच बोलत होती.

“शांतिनाथ, तुमचा सूर चढलाय,” ती म्हणाली. “वरच्या दोन्ही तारा. आज नाही, आठ महिने झाले. तारा बोगस नाहीत. तुमचे कान दाखवायला हवेत.”

मी ऑइलचे हात पॅन्टला पुसत राहिलो.

“आम्ही तिघंही तुमच्यासारखंच लावत होतो. पण पेटीबरोबर ते चालणार नाही. शुक्रवारी सगळ्यांसमोर कळण्यापेक्षा आधी सांगावं म्हणून आले. काकांना जमेना, भाईंना जमेना. राग मानू नका.”

राग कसला येतोय? राग यायला अंगात काही शिल्लक असावं लागतं. नाचता येईना अंगण वाकडं, तसं मी आठ महिने तारांना दोष देत होतो. आणि ही तीन माणसं मुकाट्यानं माझ्या वाकड्या सुराला आपला सूर जुळवत होती. तिची तार तीनदा का तुटली तेही त्या क्षणी कळलं. ताणून ताणून माझ्या तारेपर्यंत आणली, म्हणून तुटली.

मी मान हलवली. कळलं, अशी.

ती गेली नाही. तिनं एकदा मागांकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा लाल झाला होता. मग ती म्हणाली,

“सूर मी लावून देत जाईन. दर शुक्रवारी. तुम्ही म्हणालात तर जन्मभर लावून देईन.”

एकही शब्द माझ्या नजरेतून सुटला नाही. ‘जन्मभर’ म्हणताना तिचे ओठ मिटले आणि उघडले, ते मला आज पस्तीस वर्षांनंतरही दिसतं.

जे मला पाच वर्षं विचारायचं होतं ते तिनं कारखान्यात येऊन, ऑइलच्या वासात, मावशीच्या डोळ्यांदेखत विचारलं होतं. मला फक्त मान हलवायची होती. एवढंच काम होतं.

पण मला वाटलं, ही कीव करतेय. आधी कडू औषध दिलं, आता वर गुळाचा खडा देतेय. अर्ध्या मिनिटापूर्वी हिनंच मला सांगितलं की तू बहिरा होत चाललायस, आणि आता बहिऱ्याला आधार द्यायला निघालीय. दान नको होतं मला. आणि मनात असंही आलं की हिला ठाऊकच नाही मला कळलं ते. बोलून मोकळी झाली, आता घरी जाईल. तिचाही मान राहील आणि माझाही राहील.

मी कानाकडे बोट नेलं आणि हात झाडला. ऐकू आलं नाही.

ती हसली, पर्स खांद्याला लावली आणि निघाली. दारात थांबेल, वळून बघेल असं वाटलं, पण ती सरळ रस्त्याला लागली. मावशीनं मागापलीकडून विचारलं, “काय म्हणत होती रं?” मी म्हणालो, “काय नाही. कार्यक्रमाचं सांगायला आलती.” आणि पुन्हा मागाखाली शिरलो. तिथं आडवा पडून मी रडलो. मागाखाली रडायचं एक बरं असतं, कुणाला पत्ता लागत नाही.

शुक्रवारी मास्तर यायच्या आत म्हणून मी मुद्दाम सव्वापाचलाच कोंडवाड्यावर गेलो. तिघं आधीच आलेले होते आणि वाजवत होते. मला बघताच थांबले. डाकेकाकांचा हात सवयीनं गिटारच्या चाव्यांकडे गेला.

“राहू द्या काका,” मी म्हणालो. “सूर चढवू नका.”

काकांनी हात मागं घेतला. मग एकदम बोलायला लागले, जणू कुणीतरी गाठ सोडली. “लेका शांतू, आठ महिने पाचला येतोय बघ आम्ही! अर्धा तास खरा सूर लावून वाजवायचं आन् तू आलास की सगळं बिघडवायचं. खोटा सूर लावणं काय सोपं असतंय? त्यापेक्षा म्हशीची धार काढलेली परवडली.”

“मग सांगायचं नाही?” मी म्हणालो.

“सांगून काय झालं असतं?” मुजावरभाई म्हणाले. “तू यायचा बंद झाला असतास. तुझ्यापरीस सूर मोठा हाय काय?”

मी गिटार खोळीतून काढली आणि प्रमिलापुढे धरली. “समुद्रेबाई, लावून द्या.”

तिनं घेतली. माझ्याकडे न बघता तिनं वरच्या दोन तारा उतरवल्या, नीट लावल्या आणि गिटार परत दिली. दोन मिनिटांचं काम. मास्तर पेटी घेऊन आले, सगळं जुळलं. वरचे सूर प्रमिलाकडे, मी खालच्या जाड तारांवर ठेका धरायचा, असं ठरलं. सव्वीस जानेवारीला हॉल भरला होता. कामगारांनी टाळ्या वाजवल्या, आमची आई पहिल्या रांगेत बसली होती आणि घरी आल्यावर म्हणाली, “बरं वाजवता की रं.” मिरजेला कानाच्या डॉक्टरांकडेही जाऊन आलो. ते म्हणाले, गेलेलं परत येत नाही, राहिलेलं सांभाळा. कानात बोळे घालून काम करायला सांगितलं. सगळं सुरळीत झालं म्हणायचं.

दर शुक्रवारी ती माझी गिटार लावून द्यायची. मी पुढं करायचो, ती घ्यायची. तेवढा वेळ मी तिच्याकडे बघायचो आणि ती तारांकडे. आज बोलू, आज बोलू म्हणत मी फेब्रुवारी घालवला, मार्च घालवला. मला वाटायचं, घाई कशाची? तिच्या मनात काय आहे ते मला ठाऊक आहे. माझ्या मनात आहे ते मी कधीही सांगू शकतो. गूळ कपाटात ठेवलेल्या पोरासारखा मी निवांत होतो. आणि खरं सांगायचं तर कीव हा शब्द तोवर झिजून गेला होता. कीव करणारं माणूस इतकं मन लावून तार लावत नाही, एवढं मला आठवडाभरातच कळलं होतं.

एप्रिलच्या दुसऱ्या शुक्रवारी मी ठरवूनच गेलो. आईला आदल्या रात्री सांगितलं होतं. ती म्हणाली होती, “तुझं तू बघ. मी काय जन्माला पुरणार हाय?” आमच्या घरात याच्याहून मोठा होकार मिळत नसतो.

कोंडवाड्यावर प्रमिला एकटीच होती. मुजावरभाई एका गाईचं बाळंतपण अडलं म्हणून गेले होते आणि डाकेकाका मागं जनावरांना वैरण टाकत होते. तिच्या गिटारला खोळ घातलेलीच होती.

“आज वाजवायचं नाही?” मी विचारलं.

“बदली झाली,” ती म्हणाली. “नाशिकला. सोमवारी हजर व्हायचंय. काकांना आत्ताच सांगितलं.”

“असं कसं एकदम?”

“एकदम नाही. मीच मागितली होती.”

मी तिच्यासमोरच्या बाकावर बसलो. बोलायचं ते सगळं रस्त्यात पाठ केलं होतं, ते विसरलो, आणि भलतंच बोललो. “समुद्रेबाई, मला ओठ वाचता येतात. जॉबरला येतातच. त्या बुधवारी तुम्ही कारखान्यात जे बोललात ते मला कळलं होतं. सगळं. शेवटचंसुद्धा.”

तिनं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं होतं ती चकित होईल. लाजेल, किंवा चिडेल. ती नुसती दमलेली दिसली.

“मला माहीत आहे,” ती म्हणाली.

“काय माहीत आहे?”

“तुम्हाला ओठ वाचता येतात ते. शांतिनाथ, तुम्ही माझ्या तोंडाकडे बघूनच तर ऐकता. मी मान खाली घालून बोलले की तुम्ही ‘काय?’ म्हणता. दिवसभर लोकांचं ऐकणंच करते मी, मला कळणार नाही?” ती थांबली. “म्हणून तर तिथं आले. इथं बोलले असते तर काकांनी ऐकलं असतं, भाईंनी ऐकलं असतं. तिथं फक्त तुम्हालाच कळणार होतं. ती कांडीवाली मावशी माझ्या पाठीमागं होती.”

मी गिटार बाकाला टेकवून ठेवली.

“मग तुम्ही...”

“मग तुम्ही कानाला हात लावून सांगितलंत की ऐकू आलं नाही. सगळं कळलेला माणूस असं म्हणतो तेव्हा मी काय समजायचं? ‘नाही’ म्हणायला तुम्हाला जड गेलं असेल, म्हणून तसं केलंत, असं मी धरलं. चांगला माणूस आहे, तोंडावर नाही म्हणत नाही. मी दुसऱ्या दिवशी बदलीचा अर्ज दिला.”

“मला वाटलं तुम्ही कीव करताय.”

“कीव?” ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले. “कीव करायला मी अर्धा दिवस रजा टाकून, घरी मावशीशी खोटं बोलून त्या गोंगाटात कशाला आले असते? तुमच्या आधीपासून... ते जाऊ दे.”

“आता सांगतो,” मी म्हणालो. “आईशीपण बोललोय. हो म्हणायलाच आलोय आज.”

तिनं डावा हात गिटारवरून काढून मांडीवर ठेवला. बोटात अंगठी होती. नवी होती, अजून सैल वाटत होती.

“गेल्या रविवारी साखरपुडा झाला,” ती म्हणाली. “नाशिकचेच आहेत. शाळेत शिक्षक आहेत. चांगले आहेत.”

पलीकडे डाकेकाका जनावरांशी बोलत होते. त्यांचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. एक मान हलवायची होती जानेवारीत. ती मी हलवली नाही, आणि नंतर तीन महिने मजेत वाट बघत बसलो, की आपलं काय कुठं जातंय.

“मोडता नाही का येणार?” मी विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं.

“वडिलांनी शब्द दिलाय. मीही दिलाय.” मग हळूच, पण तोंड नीट माझ्याकडे करून ती म्हणाली, “मला कुणी जबरदस्ती केलेली नाही शांतिनाथ. मी तुमचं उत्तर ऐकलं आणि मग हो म्हटलं.”

मी मान हलवली. या वेळी खरंच हलवली, आणि तिचा काही उपयोग नव्हता.

थोड्या वेळानं तिनं हात पुढं केला. “द्या. लावून देते.”

मी खोळ काढली आणि गिटार तिच्या मांडीवर ठेवली. तिनं सहावी तार छेडली, कान दिला, चावी थोडी पिळली. पुन्हा छेडली. पुन्हा उतरवली. लागलेली तार ती सोडत नव्हती. पाचवीवर गेली, परत सहावीवर आली. वरच्या तारांवर आली तेव्हा मला नुसती ठकठक ऐकू येत होती, म्हणून मी तिची बोटं बघत बसलो. सहा तारा लावायला पाच मिनिटं पुष्कळ होतात. तिनं त्या दिवशी दिवेलागणीपर्यंत लावल्या. मी तिला पुरे म्हटलं नाही, आणि डाकेकाका एवढीशी वैरण टाकायला गेलेले, ते काही पडवीत आले नाहीत.